पहिला मासा बोडीचा

...नाई नाई, लेकराची लाळ गळते याच्यात माहा काय कसूर आहे, तुमीच सांगा मले! लेकरू म्हटलं का लाळ गळनच. राजाच्या लेकराची गळते, भिकाऱ्याच्या लेकराची गळते... पण आमच्या घरी नातीनं कोणाच्या खांद्यावर ठप्पा मारला का सारे माह्याकडे पाहतात! परवा इहीणबाईच्या नव्या कोऱ्या लुगड्यावर गळली, तर रंभाबाई, म्हणजे आमची मंडळी, चुलीपासून वरडून सांगते, "यायले विचारा! यायनं नाई पुरवले पोरीचे डोहाळे!" आता आली का पंचाईत? पोरगी दोन जिवाची असताना जे मागते ते नाई भेटलं तर लेकराची लाळ गळते, हे मले बी मालूम आहे, माह्या मायनं बी सांगतलं होतं. पण मी गेलो नाई का? गेलो! गळ टाकला नाई का? टाकला! मासोळी लागली नाई का? लागली बाप्पा, लागली... मंग? मंग तेच तर सांगून राहिलो, बसा घडीभर. मी तसा बोलणारा माणूस नाई. गळावाल्या माणसानं बोलू नाई. पण जिथं बोलाचं तिथं काही बोललो नाई, न सारा घोटाळा तिथंच झाला, म्हणून आता तुमाले धरलं.

तुमाले सांगतो, हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथं लेआउट संपतात न वावरं लागतात, तिथं आमची बोडी आहे. बोडी म्हणजे काय, तलावाची धाकटी बहीण. पाळीवर उंबर, उंबराखाली गोटा, न गोट्यावर मी. हातात वेळूची काठी, काठीले तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाले गळ न मधात एक मोरपिसाची काडी. ती काडी पाण्यावर उभी राहते. बुडली, का खाली कोणीतरी आलं समजाचं. नाई बुडली, तरी बसाचं. शाळेत मी गेलो नाई, पण बसणं मले येते.

न आमच्या बापाचा एक नेम होता. पहिला मासा बोडीचा. सकाळी जो पहिला लागन त्याले हात जोडाचे न पाण्यात सोडून द्याचा. मंगचा आपला. न तो बी पोटापुरता. पिल्लावाली मासोळी असन तर तिच्या वाटेले जाचंच नाई. बोडी आहे तर आपण आहो. बस, एवढीच माही सारी विद्या. याच्यात काही डोस्कं फिराची गोष्ट आहे का? नाई ना? मलेही तसंच वाटलं होतं.

तर एक दिवस तिथं शहरातून, धरमपेठेतले लोक प्लॉट पाहाले आले. एजंट त्यायले हात लांब करकरून सांगून राहिला, "एकदम लेक-व्ह्यू आहे मॅडम, लेक-व्ह्यू!" आता लेक म्हणजे आमची बोडी, न व्ह्यू म्हणजे मी! दुसरं तिथं होतंच काय? त्यातली एक बाई, मिनल मॅडम, प्लॉट राहिला तिकडेच न माह्याकडेच पाहाले लागली. "कित्ती शांत बसलेत हे काका! हर्षित, पाहा ना!" हर्षित म्हणजे तिचा नवरा. सदरले ऑफिस आहे त्याचं, फोन कानाले चिकटूनच जन्मला असन असं वाटते. ती जवळ आली न म्हणे, "काका, आम्हाला शिकवाल का? आम्हाला निसर्गाजवळ जायचंय."

मी म्हटलं, "याच्यात शिकाचं काय आहे बाई? गप बसाचं."

"वॉव," म्हणे.

मी काही बोललो नाई. वॉववर माणसानं बोलाव तरी काय?

न पाहा कसा जोग आला, त्याच आठवड्यात आमची पोरगी, गोपिका, पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली. पाय धुतले नाई धुतले न म्हणे, "बाबा, मले मरळ पाहिजे. आपल्या बोडीतली, तुमच्या गळाची. बजाराची नाई." आखाड लागला होता. आमच्या घरी आखाडात चालते, पण एकदा जिवतीची अवस झाली न श्रावण लागला का रंभाबाई मटण-मासोळीच्या मसाल्याचा डबाच माळ्यावर टाकते. मंग पोळा, गणपती, महालक्ष्म्या... तेवढ्यात तर लेकरू हातात! म्हणजे काय ते जिवतीच्या आतच. मी म्हटलं, "त्याले काय होते वं माय, या आइतवारीच आणतो." मले काय मालूम, या आइतवारी माही शाळा भरणार होती!

आले ना तिघंही. मिनल मॅडम, हर्षित, न त्यायचा दोस्त धर्मेंद्र. हा धर्मेंद्र म्हणजे जिमवाला, दंड असे का माह्या मांड्या पाहून लाजल्या. मी पहिले त्यायले बापाचा नेम सांगतला. हर्षितच्या पाठीवर थैली, थैलीतून दुसरी थैली, दुसरीतून एक मशीन. म्हणे या मशिनीत पाण्याखालचे मासे दिसतात. मी पाह्यलं बोडीकडे. पाणी असं का खाली पाह्यलं तर आपलाच अंगठा दिसन! त्यानं मशीन पाण्यात सोडली, न मशीन लागली ना बोंबलाले! टूंऽ टूंऽ टूंऽ! "काका! बडा वाला आहे! खूप बडा वाला!" मी पाह्यलं तर रुपरावची म्हैस, नाकपुड्या वर ठेवून निजलेली. मी म्हटलं, "अरे बाप्पा, तो..." तर हर्षित ओठावर बोट ठेवून म्हणे, "श्श्श काका! तुम्हीच म्हटलं ना, गप बसायचं!"

बसलो गप. काय करता? गुरूनंच शिष्याचा नेम मोडाव का?

टाकला त्यानं गळ, न अडकला जाऊन म्हशीच्या दाव्यात. मासा उभा राहिला! पाण्यातून मासा उभा राहिला, शिंगं हालवले, शेपटीनं पाणी उडवलं न घराकडे चालाले लागला. हर्षित मांगं मांगं, काठी दोन हातानं धरून, चिखलातून घसरत, "काकाऽ! सोडू का धरूऽ?" आता मीच सांगतलं होतं ना, एकदा लागला का सोडाचं नाई! पोट्ट्यानं नाई सोडलं. पाळ वलांडली, वावर वलांडलं, सीधा रुपरावच्या गोठ्यात. घडीभरानं रुपरावचा आवाज आला, "कवडूभाऊ, तुमचा विद्यार्थी आला आहे इथं! बांधू का सोडू?"

वापस आला तो नखशिखांत शेणात. पण तोंडावर हासू. म्हणे, "काका, पहिला होता ना. सोडून दिला."

आता सांगा! मी काही बोललो नाई. गळावाल्या माणसानं बोलू नाई.

मंग धर्मेंद्रची पाळी. मी डबा उघडला, गांडूळ काढला. धर्मेंद्र दोन पावलं मांगं. "काका, हा जिवंत आहे."

"हाव, गांडूळ आहे."

"याला लागल ना पण!"

म्हटलं, "लागते थोडं." तर बाप्पा, त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या डोयात पाणी! लोखंड उचलणारा माणूस, गांडूळ नाई उचलल्या गेला त्याच्यानं. पुढच्या खेपी आला तर डब्यात पनीर. पनीर! मी जन्मात नाई खाल्लं ते मासे खाऊन राहिले! बरं, गळाले लावाव ना? तर गळही काढून टाकला, म्हणे टोचते. नुसत्या दोऱ्याले पनीर बांधाचं न पाण्यात सोडाचं, मासे खाऊन जाणार, हा वरून पाहून हासणार, "खाल्लं काका, खाल्लं!" जसं काय बारशाची पंगत वाढून राहिला! न चतुर्थी आली त्या दिवशी तर हद्दच केली. साबुदाण्याची उसळ. मी म्हटलं, "हे काहून गा?" तर म्हणे, "काका, आज चतुर्थी आहे, आजच्या दिवशी त्यांना तसलं कसं द्यावं?"

बोडीतले मासे चतुर्थी धरून राहिले, तुमाले सांगतो!

न मासे काय कमी आहेत का? शिकले ते बी. डब्याचं झाकण वाजलं का अख्खी बोडी काठाले. माह्या गांडुळाकडे मान वळवून पाहीनात. मी आइतवार सोडून मधातल्या दिवशीही गेलो, सोमवारी गेलो, बुधवारी गेलो, तर मोरपिसाची काडी जशी लावली तशी उभी. पोटं भरलेली ना त्यायची! एक रोहू तर गांडुळाजवळ आला, त्यानं वास घेतला न माह्याकडे असा पाह्यलं का जसं जवायाले शिळी पोळी वाढली.

न मिनल मॅडमचं अलग. तिनं घंटी आणली. पितळीची घंटी वाजवाची न साऱ्यायनं डोळे मिटाचे. "श्वास आत... श्वास बाहेर..." म्हटलं मॅडम, काडी बुडली का नाई हे पाहाले तर डोळे लागतात! पण मनातच म्हटलं. एक दिवस सारे असे डोळे मिटून बसले, न हर्षितची एक काठी पाण्यात चालती झाली. समोरून. मीच एकटा पाहून राहिलो. सांगाव, तर त्यायचं ध्यान मोडते. नाई सांगाव, तर काठी जाते. तवरच घंटी वाजली, डोळे उघडले, काठी नाई! मॅडम म्हणे, "पाहा, आपण सोडायला शिकलो."

आता तुमी म्हणान, एवढ्या दिवसात एकही मासा लागला नाई का? लागले ना! पण नेम होता ना... पहिला मासा बोडीचा! मिनल मॅडमले बोटाएवढी मासोळी लागली, माहा पहिला म्हणे, सोडली, टाळ्या. हर्षितले लागली, माहा पहिला, सोडली, टाळ्या. त्यायच्या ओळखीचे नवे लोक येत, दर खेपी कोणाचा ना कोणाचा पहिला. मी म्हटलं, होऊ द्या, संपन कधीतरी. तर दोघायचेही पहिले झाल्यावर हर्षितनं डोस्कं लावलं. "काका, आपला हा दुसरा असल. पण त्या माशाची तर पकडल्या जायची पहिलीच वेळ आहे ना?"

काय सांगाव याले? माह्या बापाले बी नसतं सुचलं हे! न एकदा माह्या काठीले चांगली मरळ लागली, लहान होती पण मरळ होती. मी काठावर ठेवली न थैली शोधाले वळलो... थैली घेऊन पाहतो तर मॅडम पाण्यात हात घालून उभी, डोळे भरलेले. "काका, सोडली मी तिला. तुमच्याकडूनच शिकलो आम्ही हे!"

मी थैलीची घडी केली न खिशात ठेवली.

घरी काय सांगाचं? गोपिका दारातच बसून राहे, पोटावर हात ठेवून. "बाबा, आली का?" म्हणे. "पुढच्या खेपी, माय." तिचं तोंड उतरून जाय. रंभाबाई मांगून म्हणे, "लोक शाळा काढतात न लेकरायची पोटं भरतात. यायनं शाळा काढली न माशायची भरली!" एक दिवस मी काय केलं, बजारातून मरळ आणली, बोडीच्या पाण्यात बुचकळली, माह्या थैलीत घातली न वलं होऊन घरी आलो. रंभाबाईनं रस्सा केला, बम झणझणीत. गोपिकानं एक घास घेतला. चावला. थांबली. म्हणे, "बाबा, ही बर्फात निजलेली आहे." न ताट पुढं सरकवलं.

आता म्हणान, एवढं होतं तर त्या शिष्यायले सांगाचं ना! कसं सांगाव? ते धरमपेठेतून येतात, काका काका करतात, पाया पडतात. त्यायले काय सांगाव, पनीर बंद करा, माह्या पोरीले मरळ खाची आहे? न मीच सांगतलं ना त्यायले का गप बसाचं! रोज वाटे, आज बोलतो. न रोज तोंड उघडे, तर धर्मेंद्र त्या उघड्या तोंडात शिल्लक राहिलेलं पनीर घाले.

मंग ती सफाई झाली. मीच सांगतलं होतं बाप्पा, पाळीवर तंबाखू-खर्ऱ्याच्या पन्न्या पडल्या राहतात, त्या उचलाच्या, तुटलेला तंगूस उचलाचा, बगळ्यायच्या पायात अटकते. चांगली गोष्ट आहे का नाई? तर ते आले हातमोजे घालून, पोते घेऊन. मी वावराकडे गेलो होतो गांडूळ खणाले. वापस येतो तर पाळ अशी साफ, असं वाटे का इथं आता कोणाचं लगन लागते! उंबराखाली काहीच नाई. म्हणजे... काहीच नाई! माही काठी नाई. माहा डबा नाई. माही छत्री नाई. न चपला, ज्या मी काढून गेलो होतो चिखलाच्या भेवानं, त्या बी नाई! मॅडम धावत आली. "काका, पाहा किती कचरा निघाला! एक गंजका डबा, फाटकी छत्री, कोणीतरी सडकी काठी टाकून दिलेली, न चपला तर अशा का शी!"

तो माहा संसार होता ना बाई... ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर तो घेऊन पाळीच्या पार वळणावर गेला होता. फोटो काढला साऱ्यायनं. मी मधात. हासून राहिलो. पायाकडे पाह्यलं तर तुमाले दिसन, अनवाणी आहे मी.

काही बोललो नाई. बोलाले गेलो असतो, तर त्यायचा तो दिवस खराब झाला असता. हर्षितनं त्याची एक चकरीवाली काठी दिली, म्हणे काका ही ठेवा. एवढं झालं, का मोरपिसाची काडी तेवढी माह्या कानावर होती, बिडीसारखी. ती वाचली.

पण अनवाणी घरी गेलो न, तिथं फसलो. रंभाबाईनं पाय पाह्यले. काही विचारलं नाई. ती विचारत नाई तवा समजाचं का आता काही खरं नाई. येणाऱ्या आइतवारी, जिवतीच्या आधीचा शेवटला आइतवार, सकाळी शाळा भरली, घंटी वाजली, सारे डोळे मिटून बसले, श्वास आत घेतला... न श्वास बाहेर सोडाच्या आधी पाळीवरून आवाज आला.

"वा वा वा! काय पंगत बसली आहे!"

पदर खोचलेला. तिनं मॅडमले पाह्यलं, हर्षितले पाह्यलं, धर्मेंद्रच्या डब्याचं झाकण उघडून पाह्यलं. "हेच का ते पनीर? माह्या पोरीचे डोहाळे याच्यातच बुडाले का? ती तिकडे आठव्या महिन्यात दाराकडे डोळे लावून बसते, न इकडे तुमी मासे जेवू घालता? यायची काठी कोणी टाकली? यायच्या चपला कोणी टाकल्या? म्हाताऱ्या माणसाले उघड्या पायानं पाठवता घरी?"

मिनल मॅडम पांढरी पडली. "काका... तुम्ही कधी बोलले काहून नाही?"

मी म्हटलं, "गळावाल्या माणसानं बोलू नाई."

"पाहा!" रंभाबाई म्हणे. "लगनात बी असेच बसले होते! भटजी विचारून राहिला, तर मानच हालवे!"

मंग जे झालं ते तुमाले सांगूनही पटाचं नाई. धर्मेंद्रनं पनीरचा डबा बंद केला न त्याच्यावर बसला, का चुकूनही वाजू नाई. हर्षितनं फोन बंद केला. खरंच बंद केला, काळा पडला तो. मॅडमनं घंटी फडक्यात गुंडाळली. न धर्मेंद्रनं हात पुढं केला न म्हणे, "काका, गांडूळ द्या." त्यानं त्या गांडुळाले हात जोडले, सॉरी म्हटलं, तोंड तिकडे फिरवलं न आपल्या हातानं गळाले लावला. लावतानाही सॉरी सॉरी करे पोट्टा. पण लावला.

बेशरमाच्या झुडपाजवळ, जिथं पाणी काळं दिसते, तिथं मी टाकला. कानावरची काडी पाण्यावर उभी राहिली. न बसलो आमी. सारे. तुमाले खोटं नाई सांगत, एवढ्या दिवसात पहिल्यांदा शाळा बसली! पान हाललं तर ऐकू येऊन राहिलं. धर्मेंद्रचा श्वास ऐकू येऊन राहिला. रंभाबाई माह्या मांगं उभी, ती बी चूप, आता बोला! म्हटलं, आता मासोळी नाई आली तरी चालन, हे असं बसणं तर भेटलं...

न काडी गेली! खाली गेली ते वर नाईच! काठीची झाली कमान, चकरी बोंबलली, मी घसरलो, हर्षितनं माही कंबर धरली, मॅडमनं हर्षितची धरली, धर्मेंद्रनं साऱ्यायची! न आली वर... मरळ! कोपरापासून बोटापर्यंत हात करा, न वरून अजून थोडी. काळी, चमकदार, सापासारखं डोस्कं. रंभाबाई तिथंच रस्सा शिजवाले लागली, "कांदा भाजीन, खोबरं भाजीन, खसखस आहे घरी..." धर्मेंद्र थैली फाकवून उभा, रडून राहिला न म्हणून राहिला, "आज नाही सोडायची काका! ताईची आहे ही! आज पहिला-बिहिला काही नाही!"

मी मरळीले काठाशी ओढली. वाकलो. न पाह्यलं.

पाणी लाल झालं होतं. रक्त नाई... पिल्लं. मरळीची पिल्लं लाल राहतात, काडीच्या टोकाएवढी, हजारानं, न मायच्या वर वर घोळका करून फिरतात. तो घोळका काठाशी आला होता. जिथं मरळ, तिथं तो. मी मरळीले इकडे केली, तर पाणी इकडे लाल. तिकडे केली, तर तिकडे. तवा माह्या ध्यानात आलं, हे बाई गांडूळ खाले नोहती आली. पिल्लायजवळ कोण आलं म्हणून मारासाठी झेपावली होती. आता हिले नेलं, का सांजेच्या आत बाकीचे मासे तो घोळका साफ करतात. पनीर खाऊन तगडे झालेले मासे!

मी मांगं पाह्यलं. रंभाबाई त्या लाल पाण्याकडे पाहून राहिली होती. खसखशीपाशी थांबली होती ती. मंग तिनं खोचलेला पदर सोडला.

मी गळ काढला, हलक्या हातानं. मरळ पाण्यात गेली. लाल घोळका तिच्यावर असा पडला, जसं शाळा सुटल्यावर लेकरं मायवर पडतात. न मांगून, ज्या शाळेनं आजवर एक मासा घरी जाऊ दिला नाई, ती सारी शाळा वरडली, "काकाऽऽ! काहून सोडलीऽऽ!"

काय सांगता! मी काही बोललो नाई. रंभाबाई बी घरापर्यंत काही बोलली नाई, न ते बोलण्याहून वाईट.

गोपिका दारातच होती. थैली पाह्यली, रिकामी. सारं ऐकलं. म्हणे, "मासोळीचं बाळंतपण केलं बाबा तुमी, पोरीचं राहिलं." न आत निंघून गेली. रातच्याले ताटावर बसली तवा मान खाली घालून हळूच विचारते, "किती होते वं माय पिल्लं?" रंभाबाई म्हणे, "मोजता नाई येत." गोपिका वरण-भातच जेवली. पण जेवली.

झाली जिवती. लागला श्रावण. म्हटलं, जाऊ द्या, पाऊस संपला का सुखानं बसू. तर शिष्य सुखानं बसू देतात? मिनल मॅडमनं ते लाल पाणी असं मनावर घेतलं, का ग्रामपंचायतीत अर्ज, सरपंच मधुसूदनभाऊच्या घरी चकरा, न एक दिवस मले नवी चप्पल घालून, फेटा बांधून बोडीवर नेलं. फडकं बांधलेला मोठा बोर्ड. "काका, तुमच्याच हातानं." मी नारळ फोडला, दोरी ओढली, टाळ्या वाजल्या. मले वाचता येत नाई. पण फोटो तर वाचता येते! बोर्डावर मी होतो. गोट्यावर बसलेलो, हातात काठी, हासत. न माह्यावरून, या खांद्यापासून त्या कमरेपर्यंत, लाल रेघ!

"हे काय गा?" म्हटलं.

"मासे पकडायला सक्त मनाई आहे काका!" हर्षित म्हणे. "असल्या बोर्डावर गळवाला माणूस दाखवून रेघ मारायची असते. मग तुमच्याशिवाय दुसरा कोणाचा फोटो लावायचा? तुम्ही आमचे गुरू!"

"बारा महिने मनाई?"

"नाही, पावसाळ्यापुरतीच लिहायची होती. पण तुमचा फोटो मोठा केला ना, तर बाकीची अक्षरं बसली नाही."

मी तोंड उघडलं होतं, खरं सांगतो, त्या दिवशी मी बोलणारच होतो... धर्मेंद्रनं पेढा घातला.

आता आइतवारी जातो, काठी नाई, गळ नाई. आमी सारे त्या बोर्डाखाली बसतो न पाण्याकडे पाहतो. आता मात्र बरे गप बसतात! मलेच कधी खोकला आला तर धर्मेंद्र म्हणते, "श्श्श, काका."

न नातीचं बारसं लांबलं, पाचव्या महिन्यात झालं, तवा आले ना सारे. मोठं खोकं घेऊन आले. गोपिकानं उघडलं. त्यात लाळेरे, ढीगभर! "काकूंनी सांगितलं ना, लाळ गळते म्हणून," मॅडम म्हणे. न प्रत्येक लाळेऱ्यावर, एवढी मोठी काळी मरळ काढलेली, न भवताल लाल लाल ठिपके. गोपिकानं एक लेकराच्या गळ्यात बांधलं, माह्याकडे पाह्यलं न म्हणे, "घ्या बाबा. आली मरळ घरी." सारे हासले. रंभाबाई बी हासली, म्हणजे पदरात हासली.

मी काय बोलू? मी काही बोललो नाई. न नातीनं काय कराव? तिनं ते लाळेरं दोन्ही मुठीत धरलं, मरळीचं डोस्कं तोंडात घातलं न लागली चोखाले. हर्षितनं ओढून पाह्यलं, मॅडमनं ओढून पाह्यलं, एवढा दांडगा धर्मेंद्र, त्यानंही ओढून पाह्यलं... नाई सोडलं बाप्पा. मी वाकून तिच्या कानात सांगतलं बी, "माय, पहिला मासा सोडाचा असते."

तिनं माह्याकडे पाह्यलं, न लाळ गाळली.